अर्ज ही भीक नव्हे : रावढळ ते विद्यापीठ



फेलोशिपच्या जाहिराती निघाल्या की पोलादपूर तालुक्यातली पाच-सहा मुलं-मुली फॉर्म घेऊन आमच्याकडे येतात. पीएच.डी.साठी संशोधन प्रस्ताव लिहायचा असतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, कोणता विषय टाकला तर मंजूर होईल?"

हा प्रश्नच उलटा आहे, असं आमचं मत आहे. प्रस्तावात चार गोष्टी मांडायच्या असतात. आपला प्रश्न काय आहे, तो आजवर कोणी कसा हाताळला, आपण उत्तर कसं शोधणार आणि त्याला वेळ व पैसा किती लागणार. यातली पहिली गोष्ट सत्तेची आहे. प्रश्न ज्याचा, ज्ञान त्याचं. आपल्या वस्त्यांवर पाहणी करायला माणसं येतात, प्रश्नावली भरून घेतात आणि निघून जातात. त्या पाहणीचा प्रस्ताव लिहिताना आपण कुठेच नसतो. मंजुरीसाठी विषय शोधणारा विद्यार्थी आपल्या हातातली ही पहिलीच गोष्ट सोडून देतो.

आपल्या मातीचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेला आधार काय, हे उच्चवर्णीयांना जाहीरपणे विचारलं. विद्यापीठ नाही, मार्गदर्शक नाही, अनुदान नाही. पण प्रश्न स्वतःचा. पुढे याच परिसरातल्या रामचंद्र बाबाजी मोरे नावाच्या मुलाने शिष्यवृत्ती मिळवली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला प्रवेश नाकारला. त्या वयात त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे शाळेचं दार उघडलं. १९२७ची महाड परिषद भरवण्यासाठी झटणारे कॉम्रेड आर. बी. मोरे ते हेच.

आता बाबासाहेबांकडे पाहू. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड आणि त्या बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी. पैसा संस्थानाचा होता, अटही संस्थानाची होती. पण ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला तो भारतातील जातींच्या उगमावर. शिष्यवृत्ती घेतली म्हणून त्यांनी प्रश्न गहाण टाकला नाही.

हा रस्ता सोपा नव्हता. १९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट सोडावा लागला. सामान ज्या बोटीने येत होतं ती पाणतीराने बुडाली. सिडनॅहम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज यांवर १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध १९२२मध्ये सादर केला, तर परीक्षकांनी फेरबदल सुचवून तो परत केला. १९२३मध्ये त्यांनी तो सुधारून पुन्हा दिला आणि डी.एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याशिवाय मिळत नसे. तो ग्रंथ १९२५मध्ये छापून निघाला आणि पदवी जून १९२७मध्ये आली. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावणाऱ्या आपल्या बापाची पीएच.डी. तेव्हा अजून रीतसर हातात यायची होती! पहिल्या नकारात खचणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

आणि तळ्याची लढाई तरी कुठे एका दिवसात संपली? सनातन्यांनी कोर्टात दावा लावला. अस्पृश्यांना पाणी न देण्याची रूढी प्राचीन आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ती रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. आधी सत्याग्रह, मग दहा वर्षं पुरावा. आपण २० मार्चला घोषणा देतो, पण त्या दहा वर्षांची आठवण काढत नाही.

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगो यांना एक निवेदन दिलं. आमच्या मते प्रस्ताव कसा लिहावा याचा तो धडाच आहे. विज्ञान आणि तंत्रशिक्षणात अनुसूचित जाती कुठे आहेत, हे आधी मांडलं. अलीगढ आणि बनारस विद्यापीठांना सरकार अनुदान देतं, मग आम्हाला का नाही, असा तुलनेचा मुद्दा घातला. मग नेमका आकडा मागितला : दरवर्षी ३ लाख रुपये. याचना नाही, शिव्याशापही नाहीत. परिस्थिती, पुरावा, आकडा. त्या काळात सुरू झालेल्या शिष्यवृत्त्यांवर पुढे पिढ्या शिकल्या.

हा हक्क आज आक्रसतो आहे. अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. या नियमाने १९१६चा तो जातींवरचा निबंधही अपात्र ठरला असता! पैसा मिळेल, पण आपल्याबद्दल प्रश्न विचारायचा नाही, असा याचा सरळ अर्थ. याविरुद्ध लढलंच पाहिजे.

पण आपली चूकही मान्य करू. आमच्या एका ताईने १९२७ला महाडला गेलेल्या घरांतल्या आठवणी हा विषय घेतला. एका विद्यापीठाच्या समितीने 'विषय भावनिक आहे' म्हणून प्रस्ताव परत केला. आम्ही चिडलो. मग शांतपणे तो वाचला. चौदा पानांपैकी अकरा पानं गौरवाची आणि पद्धतीला एक परिच्छेद. हा प्रस्ताव तपासून पाठवणारे आम्हीच होतो.

दुसऱ्या वेळी ताईने गावांची यादी केली. 'बहिष्कृत भारत'चे अंक, नगरपालिकेचे ठराव आणि निकालपत्र यांच्याशी आठवणी कशा ताडून पाहणार, ते लिहिलं. अंदाजपत्रकात एसटीचं भाडं, रेकॉर्डर आणि मुलाखती उतरवून काढण्याचा खर्च घातला. लावणीच्या दिवसांत बायका शेतावर असतात आणि घाटात दरडी कोसळतात, म्हणून जून ते ऑगस्ट मुलाखती ठेवल्या नाहीत. आपल्या तालुक्याची माहिती ही आपली ताकद आहे, हे तिला तेव्हा कळलं आणि आम्हालाही. प्रस्ताव पुन्हा गेला आहे. निकाल यायचा आहे.

वाट पाहायला वेळ मात्र कमी आहे. ज्यांनी ते दिवस पाहिले ती पिढी गेली. त्यांच्याकडून ऐकलेली पिढी आता थकली आहे. २०२१च्या पुरात महाडच्या घरांतले कागद चिखलात गेले. जे आज लिहून निघणार नाही, ते उद्या सिद्धही करता येणार नाही. आणि सिद्ध करता न येणाऱ्या इतिहासाचं काय होतं, हे तळ्याच्या दाव्यात सनातन्यांनी अनुभवलं आहे. तो अनुभव आपल्या वाट्याला येऊ द्यायचा का?

म्हणून पुढच्या वेळी फॉर्म घेऊन याल तेव्हा विषय विचारू नका. तुमचा प्रश्न घेऊन या. प्रस्ताव आपण मिळून लिहू, परत आला तर मिळून सुधारू.

जयभीम! नमो बुद्धाय!