पाणी बाधतं म्हणजे नेमकं काय? उष्ण प्रदेशात येऊन राहणाऱ्यांच्या आरोग्याचा इतिहास



नव्या गावी गेलेला माणूस आजारी पडला की आपण म्हणतो, "त्याला इथलं पाणी बाधलं." काही दिवसांनी बरा झाला की म्हणतो, "आता मानवलं." या दोन शब्दांमागे मोठा इतिहास आहे. थंड देशातून उष्ण देशात आलेल्या हजारो माणसांनी तो जिवाची किंमत देऊन लिहिला. त्यातला एक धडा तर आपल्या गोंदिया जिल्ह्यातच आहे.

गोऱ्या सैनिकांचे मरण

१७६८ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने उष्ण देशांत युरोपियनांना होणाऱ्या आजारांवर पुस्तक लिहिले. त्याचा सल्ला असा होता : दलदलीजवळ रात्री झोपू नका, उंच जागी राहा, जहाज किनाऱ्यापासून लांब नांगरा. दलदलीतून निघणाऱ्या विषारी हवेमुळे ताप येतो, अशी तेव्हाची समजूत होती. कारण चुकीचे होते, पण सल्ला बराचसा बरोबर, कारण दलदल टाळली की डासही टळत.

दुसरी समजूत मात्र घातक ठरली. नव्या माणसाला पहिला ताप येऊन गेला की तो 'मुरतो', मग त्याला काही होत नाही, असे मानले जाई. प्रत्यक्षात काय घडत होते? १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला. भारतातल्या ब्रिटिश सैनिकांत दरवर्षी हजारी ६९ मृत्यू होत होते. लढाईपेक्षा ताप, हगवण, यकृताचे विकार आणि कॉलरा यांनीच जास्त माणसे मारली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या माहितीचा अभ्यास करून ठणकावून सांगितले की दोष हवेचा कमी आणि घाण पाणी, तुंबलेली गटारे व कोंदट बराकी यांचा जास्त आहे.

पुढे छावण्यांत पाणी, गटारे आणि बराकी सुधारल्या आणि शतक संपेपर्यंत मृत्यू हजारी २० च्या खाली आले. माणसांचे शरीर तेच होते, व्यवस्था बदलली होती.

याच काळात पोटावर फलालीनचा पट्टा बांधला की कॉलरा होत नाही, असेही सांगितले जाई. सैनिक कडक उन्हाळ्यात लोकरीचा पट्टा बांधून घामाघूम होत. कॉलरा पाण्यातून येत होता, पट्ट्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

२० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत ॲनॉफिलीस डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. दलदलीचे कोडे तेव्हा सुटले.

गोठणगावचे तिबेटी

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९५९ नंतर तिबेटमधून हजारो लोक भारतात आले. ल्हासा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे उन्हाळ्यातही आपल्या हिवाळ्यासारखी हवा असते. त्यांना आधी आसामातल्या मिसामारी आणि उत्तर बंगालमधल्या बक्सा इथल्या छावण्यांत ठेवले. गरम दमट हवा, दाटीवाटी, अपुरे अन्न. बक्सातल्या कित्येक भिक्षूंना क्षयरोगाने गाठले.

१९७२ मध्ये अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगड भागात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. भोवती जंगल, धानाच्या बांध्या, बोड्या, आणि मे महिन्यात ४२ अंशांपलीकडे जाणारा पारा. वेळही कठीण होती. १९६५ मध्ये देशात हिवतापाचे रुग्ण एक लाखाच्या आसपास उतरले होते, ते १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेले. तिबेटच्या उंच पठारावर हिवताप नसतो, त्यामुळे या लोकांच्या शरीराला या जंतूची ओळखच नव्हती. तरीही ही माणसे इथे रुजली. आज त्यांची पुढची पिढी इथलीच आहे.

'मानवणे' म्हणजे काय?

तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो.

१. ऊन : याची सवय खरोखर होते. ७ ते १४ दिवसांत घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते. पण थंड हवेत किंवा एसीत काही आठवडे काढले की ही सवय जाते.

२. पाण्याचे आजार : टायफॉइड, 'अ' प्रकारची कावीळ. इथल्या बहुतेकांना ही कावीळ लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते. बाहेर वाढलेल्या मुलांना ते संरक्षण नसते.

३. हिवताप : वारंवार लागण झालेल्यांत थोडी प्रतिकारशक्ती येते, पण ती पूर्ण नसते आणि गाव सोडले की ओसरते.

तिसरा मुद्दा नीट वाचा. "मी इथेच वाढलो, मला काय होणार?" असे परदेशातून सुट्टीत आलेली आपलीच माणसे म्हणतात. दहा वर्षे अमेरिकेत किंवा दुबईत राहिलेला गोंदियाचा माणूस हिवतापाच्या बाबतीत जवळजवळ परक्यासारखाच असतो. आणि त्याची मुले तर पूर्णपणे परकी.

येणाऱ्या पाहुण्यांसाठी सल्ला

- निघण्यापूर्वी चार ते सहा आठवडे डॉक्टरांना भेटा. टायफॉइड आणि 'अ' काविळीच्या लसींबद्दल, तसेच हिवताप टाळण्याच्या गोळ्यांबद्दल विचारा.
- जंगलालगतच्या गावी मुक्काम असेल तर मच्छरदाणीतच झोपा. हिवतापाचा डास रात्री चावतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दिवसाही पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.
- पाणी उकळून प्या. बर्फाचा गोळा आणि उघड्यावरचा उसाचा रस टाळा.
- उन्हात काम करायचे असेल तर पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्शाइतकेच करा आणि रोज तेवढेच वाढवा. बीपीच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.
- उन्हात फिरलेला माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात हलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.
- ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परत गेल्यावर ताप आला, अगदी काही महिन्यांनीही, तर तिथल्या डॉक्टरांना आपणहून सांगा : "मी हिवताप असलेल्या भागात जाऊन आलो आहे." नाहीतर ते फ्लू समजून औषध देतील आणि मोलाचे दोन-तीन दिवस वाया जातील. फाल्सिपेरम प्रकारच्या हिवतापात तेवढ्या वेळात जीव जाऊ शकतो.

या सुट्टीत घरी कोणी येणार असेल तर हा लेख त्यांना तिकीट काढतानाच पाठवा.

काळजी घ्या.