चार कड्या

माझी भाची फ्लोरिडात असते आणि सुट्टीच्या दिवशी विमानातून उड्या मारते. हे वाक्य मी आत्ता जितक्या सहज लिहिलं तितक्या सहज ते ताईला सांगता आलं नव्हतं. "पुण्याच्या शीतल महाजनने २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून मारली, मग मीच का नको?" हा भाचीचा युक्तिवाद. त्यावर ताई जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

तर एके रात्री भाचीचा फोन. "मामा, तू आयुष्यभर लोखंडात काम केलंस ना? मग सांग, कडी स्टीलची ठेवू की दोऱ्याची घेऊ?"

आधी ही कडी म्हणजे काय ते सांगतो. पॅराशूटच्या दोऱ्या वरून खाली येतात, खांद्यावरून चार पट्टे वर जातात. दोन्ही जिथे भेटतात तिथे प्रत्येक पट्ट्याला एक कडी. चार कड्या, आणि त्यांना टांगलेला माणूस. मी तीस वर्षं कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये काढली. क्रेनच्या साखळ्या तपासल्या. क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "स्टील." फोन ठेवला आणि झोप उडाली. मग वाचत बसलो, ते पुढचे कित्येक आठवडे.

२८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या मॅककुक फील्डवर लेस्ली अर्विनने विमानातून उडी मारली आणि हवेत स्वतःच्या हाताने दोरी खेचून पॅराशूट उघडलं. पॅराशूट शाबूत राहिलं, मोडला तो उतरताना घोटा. पुढची वीस-पंचवीस वर्षं या तंत्राला मुख्य काळजी होती ती पॅराशूट उघडण्याची. ते सुटण्याची काळजी नंतर आली. वारा असला की जमिनीवर टेकल्यानंतरही कापड फुगलेलंच राहतं आणि माणसाला फरफटत नेतं. म्हणून सैन्याने खांद्यावर सुटणारी खिटी बसवली. अमेरिकेत ती केपवेल नावाच्या कंपनीची. गंमत म्हणजे ही मूळची घोड्याच्या नालांचे खिळे बनवणारी कंपनी! खिटी चुकून उघडू नये म्हणून तिच्यावर झाकण.

जमिनीवर हे झकास होतं. पण हौशी उडीबहाद्दर तीच खिटी हवेत वापरू लागले. मोठं पॅराशूट गुंतलं तर ते टाकून द्यायचं आणि राखीव उघडायचं. आता विचार करा, गरगरत खाली येताना दोन खांद्यांवरची दोन झाकणं उघडायची, मग दोन्ही खिट्या सोडायच्या. एक सुटली आणि दुसरी अडली तर?

यावर बिल बूथ या अमेरिकन माणसाने १९७० च्या दशकाच्या मध्यावर जे काढलं ते पाहून मी खुर्चीतून उठलो. तीन गोल कड्या, मोठी, मधली, लहान. एकीतून दुसरी ओवलेली, शेवटची एका छोट्या दोऱ्याच्या फासाने धरलेली, आणि त्या फासातून एक केबल. प्रत्येक कडी तरफेसारखी भार कमी करत जाते, त्यामुळे अख्ख्या माणसाचा भार असला तरी फासावर त्याचा किरकोळ अंशच येतो. एक मूठ ओढली की दोन्ही खांदे मोकळे. ना स्प्रिंग, ना झाकण.

त्याच सुमारास पॅराशूटचा आकारही बदलत होता. डोमिना जाल्बर्टने १९६४ साली हवा भरून पंखासारख्या होणाऱ्या चौकोनी छताच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ते छत ताशी सुमारे दोनशे किलोमीटरच्या वेगात इतक्या झटक्याने उघडे की माणसाचे आणि कापडाचे हाल. उपाय निघाला तो स्लायडर, म्हणजे चार कोपऱ्यांत धातूच्या रिंगा असलेला कापडाचा तुकडा. दोऱ्या त्या रिंगांतून जातात. हवा त्या कापडाला वर रेटून धरते, छत हळूहळू फुलतं, आणि स्लायडर दोऱ्यांवरून घसरत खाली येतो.

खाली येतो म्हणजे कुठे? आमच्या स्टीलच्या कड्यांवर आपटतो! रिंगांना टवके पडतात, आणि टवका पडलेली रिंग पुढच्या उडीत दोऱ्या कापते. म्हणून कड्यांवर रबराची किंवा प्लास्टिकची टोपणं आली. आणि टोपण टाक्याने पक्कं केलं नाही तर ते दोरीवरून वर सरकून स्लायडरलाच अडवू शकतं. आमच्या कारखान्यात एकदा पट्ट्यावरची संरक्षक जाळीच सैल होऊन पट्ट्यात गेली होती, ती आठवली. त्या दिवशी समोर कोणी उभं नव्हतं, इतकंच.

शिवाय त्या कडीला आट्यांची नळी असते. हाताने घट्ट करायची, मग पान्याने थोडीशी. जास्त पिळली तर आटे जातात, कमी पिळली तर ती फिरते. फिरली की नाही हे कळावं म्हणून नळी आणि कडी यांवरून नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. हो, नेलपॉलिशच.

दोऱ्याची कडी खेळाच्या पॅराशूटांत १९९० च्या दशकात आली. स्पेक्ट्रा धाग्याचे वेढे, शेवटी एक जाड टोक, ते पट्ट्याच्या आत लपवून टाके घालायचे. आटे नाहीत, टोपण नाही, आपटायला धातू नाही. स्पेक्ट्रा म्हणजे रसायनाच्या भाषेत पॉलिथिनच, भाजीच्या पिशवीचंच घराणं, फक्त रेणू अतिशय लांब. वजनाला वजन लावलं तर स्टीलला मागे टाकतो. पण घासतो, झिजतो, उष्णता त्याला सोसत नाही. स्टील गंजताना दिसतं. दोऱ्याला रोज चाचपावं लागतं.

महिन्याभराने मी फोन करून सल्ला मागे घेतला. ती हसली, "मामा, मी गेल्याच आठवड्यात बदलल्या."

जुन्या चार कड्या तिने मला पाकिटातून पाठवल्या. माझ्या टेबलावर आहेत. काढण्याआधी त्यांचा फोटोही काढला होता. तीन कड्यांवरची लाल रेघ सरळ होती. चौथीवरची पाव फेरा सरकलेली.

ताई, तू हा ब्लॉग वाचतेस म्हणून इतके दिवस हे लिहिलं नव्हतं. ती रेघ तिने तुझ्याच बाटलीतून ओढली होती, मागच्या खेपेला तू तिच्याकडे विसरून आलीस ती.