दलाल स्ट्रीटवरील कोलाहल आणि मुका पडदा

यंत्र आलें कीं धंद्याची भरभराट होते, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. एखाद्या पेढीनें संगणक घेतले कीं ती अद्ययावत झाली असें आपण धरून चालतों. उलटपक्षीं, यंत्रानें माणसांच्या तोंडचा घास काढला एवढेंच ज्यास दिसतें, असाही एक वर्ग आहे. या दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु यंत्र आणि कार्यसिद्धि यांच्यामध्यें जी एक गोष्ट उभी असते, तिचा विचार दोन्ही पक्ष करीत नाहींत. ती गोष्ट म्हणजे माणसांनीं आपसांत ठरविलेली कामाची व अधिकाराची वांटणी. ही वांटणी बदलली तर साधें यंत्रही मोठें स्थित्यंतर घडवितें. ती तशीच राहिली तर उत्तम यंत्र म्हणजे जुन्याच वहीला घातलेलें नवें वेष्टन होय. हें विधान कसोटीस लावावयाचें तर मुंबईच्या शेअर-बाजाराचा इतिहास हें एक चांगलें साधन आहे.

बातमी आणि व्यापार यांचें नातें मुंबईला नवें नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि पश्चिम हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचें मोल आलें. लिव्हरपूलचा भाव त्या काळीं टपालाच्या आगबोटीनें येई व त्यास कित्येक आठवडे लागत. ज्याला तो चार घटका आधीं कळे, तो त्या दिवसापुरता बाजाराचा राजा होई. प्रेमचंद रायचंद यांचीं माणसें होड्यांतून समुद्रांत जाऊन येणाऱ्या आगबोटीवरच बातमी गांठीत, अशी कथा सांगण्यांत येते. १८६५ सालीं युद्ध संपल्याची वार्ता आली, भाव कोसळले, आणि १ जुलै रोजीं मुदतीच्या सौद्यांचा हिशेब चुकता करण्याची वेळ येतांच नामांकित पेढ्या धडाधड बुडाल्या. त्याच वर्षीं इराणच्या आखातांतून विलायतेची तार सुरू झाली, व १८७० सालीं सुएझमार्गें समुद्रांतील तारही मुंबईस येऊन पोंचली. आठवड्यांचें अंतर तासांवर आलें. होडी घेऊन जाणाऱ्याचें महत्त्व संपलें. परंतु इतरांच्या आधीं भाव जाणणाऱ्याचें महत्त्व संपलें नाहीं. तें समुद्रावरून उठलें आणि बाजाराच्या रिंगणांत जाऊन बसलें.

हें रिंगण दलालांच्या मालकीचें होतें. टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखालीं जमणाऱ्या दलालांनीं १८७५ सालीं आपला एक संघ स्थापिला. तोच पुढें मुंबई शेअर-बाजार म्हणून प्रसिद्धीस आला. संघाचे सभासद दलाल, कार्यकारी मंडळावर वर्चस्व दलालांचें, आणि नियम करणारे व ते मोडले असतां न्याय देणारेही बहुतांशीं दलालच, अशी ही व्यवस्था शतकाहून अधिक काळ चालली. रिंगणांत शेंकडों माणसें दाटीवाटीनें उभीं राहत, ओरडून भाव सांगत, बोटांच्या खुणांनीं सौदे पटवीत आणि चिटोऱ्यांवर ते टिपून घेत. या कोलाहलांतही एक शिस्त होती. शब्दावर लाखांचे व्यवहार होत आणि बहुधा ते पाळले जात. परकी माणसाला जो गोंधळ वाटे, तो त्या माणसांचा अनेक वर्षांच्या उमेदवारीनें कमावलेला हुन्नर होता.

परंतु रिंगणाबाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची अवस्था काय होती? सांगलीच्या एखाद्या निवृत्त शिक्षकानें पन्नास शेअर घ्यावयाचे ठरविलें, तर त्याचा निरोप गांवच्या अडत्याकडून शहरच्या दलालाकडे व तेथून मुंबईच्या सभासदाकडे जाई. प्रत्येक पायरीवर दलाली चढे. दिवसभरांत भाव चढला-उतरला असेल, तर आपला सौदा नेमका कोणत्या क्षणीं व कोणत्या भावानें झाला हें पडताळून पाहण्याचें साधन त्या शिक्षकापाशीं नव्हतें. दलाल प्रामाणिक असला तर ठीक; नसला तर दिवसांतला महाग भाव गिऱ्हाइकाच्या नांवें आणि स्वस्त भाव स्वतःच्या नांवें लिहिणें त्याला अवघड नव्हतें. आम्ही हें सर्व दलालांविषयीं म्हणत नाहीं. व्यवस्थेनें मोहाची जागा ठेविली होती आणि तपासणीची ठेविली नव्हती, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

या व्यवस्थेस पर्याय देणारें यंत्र जगांत नव्हतें असें नाहीं. लंडनमध्यें २७ ऑक्टोबर १९८६ रोजीं नवे नियम अमलांत आले, भाव पडद्यावर दिसूं लागले आणि कांहीं महिन्यांतच तेथील जुनें रिंगण ओस पडलें. मुंबईंत मात्र आणखी आठ वर्षें आरोळ्या चालू राहिल्या. यंत्र घेण्यास लागणारा पैसा मुंबईच्या दलालांपाशीं नव्हता असें कोण म्हणेल? परंतु ज्या अंधारांत आपला नफा पिकतो तेथें दिवा लावण्याची घाई कोणत्याही व्यापारी संघाला होत नाहीं. मनुष्यस्वभाव ध्यानीं घेतां यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं.

बदल बाहेरूनच यावा लागला. देशांतील सर्व गुंतवणूकदारांसाठीं एक राष्ट्रीय बाजार असावा, अशी शिफारस १९९१ सालीं फेरवानी समितीनें केली होती. १९९२ सालीं रोख्यांचा प्रचंड घोटाळा उघडकीस आला, सेबीला कायद्याचें अधिष्ठान मिळालें, आणि त्याच वर्षाअखेर औद्योगिक विकास बँकेच्या पुढाकारानें, इतर वित्तसंस्थांच्या साह्यानें, नॅशनल स्टॉक एक्सचेंजची स्थापना झाली. डॉ. आर. एच. पाटील हे तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. या संस्थेनें आरंभींच दोन निर्णय घेतले, व त्यांतच तिच्या यशाचें बीज आहे. पहिला निर्णय यंत्राचा. दूरध्वनीच्या तारांचा त्या काळीं भरंवसा धरणें कठीण होतें, म्हणून दलालाच्या कचेरीच्या छपरावर एक लहानशी तबकडी बसवून उपग्रहाच्या द्वारें त्याला मध्यवर्ती संगणकाशीं जोडावयाचें. दुसरा निर्णय अधिकाराचा. बाजाराची मालकी एकाकडे, त्याचा कारभार दुसऱ्याकडे आणि तेथें सौदे करण्याचा हक्क तिसऱ्याकडे असावयाचा. दलालानें येथें धंदा करावा, परंतु सत्ता चालवूं नये.

३ नोव्हेंबर १९९४ रोजीं या बाजारांत शेअरांचे सौदे सुरू झाले. रिंगण नाहीं, आरोळी नाहीं. कोणत्याही गांवाहून मागणी आली कीं संगणक ती यादींत मांडी. ज्याचा भाव चांगला त्याचा क्रम आधीं, आणि भाव सारखा असेल तर जो आधीं आला तो आधीं. समोरचा मनुष्य कोण, हें कोणासही कळत नसे. कोणत्या मिनिटाला सौदा झाला व कोणत्या भावानें झाला, याची नोंद कायमची राही. मुंबईच्या बड्या सभासदाला जो भाव दिसे तोच दूरच्या जिल्ह्यांतील दलालालाही दिसूं लागला. परिणाम असा झाला कीं, सुमारें एका वर्षांतच या नव्या बाजाराची उलाढाल एकशेंवीस वर्षांच्या मुंबई शेअर-बाजाराच्या पुढें गेली.

जुना बाजारही स्वस्थ बसला नाहीं. १९९५ च्या मार्चमध्यें त्यानें आपली पडद्यावरची योजना सुरू केली व रिंगणांतील आरोळ्या निमाल्या. यंत्र आतां दोघांपाशींही होतें. तरीही गेलेलें अग्रस्थान परत आलें नाहीं. जुन्या बाजाराचें यांत्रिक जाळें १९९७ पर्यंत मुंबईपुरतें मर्यादित होतें, आणि दलालांच्या संघाचें रूप टाकून कंपनीचें रूप घेण्यास त्याला २००५ साल उजाडावें लागलें. यंत्र थोड्या महिन्यांत विकत घेतां येतें; घटना बदलण्यास दहा वर्षें लागतात.

पडदा आल्यानेंही सारें काम झालें नव्हतें. सौदा क्षणांत होई. परंतु शेअरांचे कागद मात्र पूर्वींप्रमाणेंच गठ्ठ्यांनीं फिरत. सही जुळत नाहीं म्हणून ते परत येत, टपालांत गहाळ होत, कधीं बनावटही निघत. तेव्हां १९९६ सालीं सौद्यांची हमी घेणारें स्वतंत्र महामंडळ कामास लागलें, त्याच वर्षीं कायदा होऊन शेअर कागदाऐवजीं खात्यांतील नोंदीच्या रूपानें ठेवणारी संस्था निघाली, आणि २००१ सालीं हिशेब पुढें ढकलण्याची 'बदला' ही जुनी पद्धत बंद झाली. यानंतरच सौदा पुरा होण्याची मुदत झपाट्यानें घटूं लागली: २००२ मध्यें तीन दिवस, २००३ मध्यें दोन, आणि जानेवारी २०२३ अखेर एक. एका यंत्राचें फळ पदरीं पडावयास त्याच्याभोंवतीं कायदा, हमी आणि नोंद अशा तीन नव्या संस्था उभाराव्या लागल्या, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

याच काळांतील बँकांचें उदाहरण ताडून पाहावें. १९८४ सालीं डॉ. रंगराजन यांच्या समितीनें बँकांत यंत्रें आणण्याची शिफारस केली, आणि पुढें शाखाशाखांतून खतावणीचीं यंत्रें आलीं. परंतु प्रत्येक शाखेची खतावणी प्रत्येक शाखेपाशींच राहिली. खातेदार पूर्वींप्रमाणेंच एका शाखेशीं जखडलेला होता. जी रांग वहीपुढें होती तीच यंत्रापुढें उभी राहिली. २००० नंतर सर्व शाखांचीं खातीं एका मध्यवर्ती ठिकाणीं एकत्र झालीं, तेव्हां तोच खातेदार शाखेचा न राहतां बँकेचा झाला, आणि मग यंत्राचा लाभ त्याच्या हातीं आला.

या स्थित्यंतराची किंमत कोणी दिली, हें न सांगणें अन्यायाचें होईल. स्वतःच्या पैशावर एकाच वेळीं विक्रीचा व खरेदीचा असे दोन भाव सांगणारा जॉबर नाहींसा झाला. बोटांच्या खुणांची ती भाषा वापरावयास जागाच उरली नाहीं. देशांत वीसाहून अधिक प्रादेशिक बाजार होते; त्यांत १९८२ सालीं स्थापन झालेला पुण्याचाही होता. जो पडदा पुण्याच्या दलालाला मुंबईशीं जोडतो, तोच पुण्याच्या बाजाराचें प्रयोजन हिरावून घेतो. त्यांची उलाढाल आटत गेली, आणि २०१२ सालीं सेबीनें किमान उलाढालीची अट घातल्यावर त्यांतील बहुतेकांनीं आपलीं दारें मिटलीं. आपल्या मध्यमवर्गाला शेअरांची वाट खुली झाली ती या माणसांच्या व संस्थांच्या अस्तावरून, ही जाणीव आपण ठेविली पाहिजे.

आणि अग्रहक्क समूळ नष्ट झाला काय? तोही प्रश्न सुटलेला नाहीं. २०१० च्या सुमारास नॅशनल स्टॉक एक्सचेंजनें आपल्या यंत्रगृहांतच दलालांचे संगणक भाड्यानें ठेवून घेण्यास आरंभ केला, कारण आतां स्पर्धा सेकंदाच्या सूक्ष्म अंशांची झाली होती. त्या सोयींत कांहींना भावांची माहिती इतरांच्या आधीं मिळाली, असा आरोप २०१५ मध्यें पुढें आला. सेबीनें २०१९ मध्यें बाजारास ६०० कोटींहून अधिक रुपये भरण्याचा हुकूम केला. २०२३ मध्यें अपील न्यायाधिकरणानें तो रद्द केला, परंतु योग्य दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटि रुपये भरण्यास सांगितलें. आगबोटीला होडी लावणाऱ्याचा वंश खंडित झाला नाहीं. त्याची होडी तेवढी बदलली. शिवाय जेथें सर्वांचा मार्ग एक, तेथें संकटही सर्वांचें एक. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं दळणवळणाच्या तारांत बिघाड झाला आणि याच बाजारांतील व्यवहार सकाळीं ११ वाजून ४० मिनिटांपासून दुपारीं पावणेचारपर्यंत देशभर बंद पडले. जुन्या रिंगणांतील एखाद्याचा घसा बसला तर दुसरा ओरडे. मुक्या पडद्याला ती सोय नाहीं.

म्हणून आपल्या एखाद्या पेढींत, शाळेंत किंवा सहकारी संस्थेंत नवें यंत्र येणार असें ऐकूं आलें, तर त्याच्या किंमतीची व वेगाची चौकशी खुशाल करावी; परंतु त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावे. या यंत्रानें आजवर झांकलेली कोणती गोष्ट उघडी पडणार? कोणाचा अधिकार कमी होणार? आणि ज्याची जागा जाणार, त्याची सोय काय? या प्रश्नांचीं उत्तरें देण्याची ज्या संस्थेची तयारी असेल, तिला यंत्राचा उपयोग होईल. ज्या संस्थेंत हे प्रश्न विचारणेंच अप्रशस्त मानलें जातें, तेथें यंत्र येईल, त्याची पूजा होईल, पेढे वांटले जातील, आणि दुसऱ्या दिवशीं काम पूर्वींप्रमाणें सुरू होईल.