कोळशाच्या रेघा

परवा पुन्हा एकदा न्यू हेवनला जाऊन पिझ्झा खाऊन आले. कनेक्टिकटला लेकीकडे आले की ही वारी ठरलेलीच. वूस्टर स्ट्रीटवरचं फ्रँक पेपेचं पिझ्झेरिया. पहिल्यांदा २०११ साली गेलो तेव्हा हे बरोबर होते. पिझ्झ्याची काळी कड पाहून "करपलाय की हो!" म्हणत मी नाक मुरडलं आणि ह्यांनी माझाही वाटा हसत हसत संपवला. आता हे नाहीत. या वेळी बरोबर नात होती.

इथली भट्टी दगडी कोळशाची. आंच इतकी कडक की पीठ आतून मऊ राहतं आणि कडेला काळे डाग पडतात. ते करपणं नव्हे, तीच इथली खूण! साधा पिझ्झा मागवला तर टोमॅटो आणि वर किसलेलं चीज, एवढंच. मोझरेला हवं तर वेगळं सांगायचं.

मी पडले इतिहासाची मास्तरीण. पिझ्झा येईपर्यंत नातीला गोष्ट सांगायला लागले. पेपे हा इटलीतल्या अमाल्फी किनाऱ्यावरच्या मायोरी गावचा. १९०९ साली पोरवयातच अमेरिकेत आला, कारखान्यात राबला. पहिल्या महायुद्धात लढायला मायदेशी गेला आणि परतला तो फिलोमेनाशी लग्न करून. मग बेकरीत नोकरी, बाजारात फिरून टोमॅटोचे पिझ्झे विकणं, आणि १९२५ मध्ये स्वतःचं दुकान. या वस्तीत तेव्हा दक्षिण इटलीतून आलेली कामकरी माणसं दाटीने राहत. जवळच्या सार्जंटच्या कुलपांच्या कारखान्यात कितीतरी जण कामाला होते. त्यांच्याच गावाकडचं हे खाणं.

"पेपेला लिहिता-वाचता येत नव्हतं हं. बायको इंग्रजी शिकली, तिने त्याला साथ दिली," मी म्हटलं.

"पण आजी, तू तर म्हणतेस शिकलं नाही तर काहीच होता येत नाही!"

मी गप्प झाले. बत्तीस वर्षं वर्गात हेच वाक्य बोलत आले होते ना मी!

आजवर हे मी घरातही फारसं बोललेले नाही. माझी आई निरक्षर होती. लालबागच्या चाळीत ती खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार आमच्याकडे जेवायला असत. कुणाचे किती खाडे, कुणाची किती उधारी, हे ती चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून ठेवी. एक रेघ चुकली नाही कधी. त्या रेघांवर मी बीए झाले. आणि शाळेच्या फॉर्मवर आईच्या शिक्षणापुढे मी काय लिहिलं? 'चौथी पास'. अंगठा दिसू नये म्हणून सहीसुद्धा मीच केली. आईला ते कळलं होतं. ती काही बोलली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, पुष्कळसे गावी गेले, आणि आमची पंगत रिकामी झाली. बरीच उधारी बुडाली. त्या दिवाळीला आईने भिंतीला स्वतःच्या हाताने चुना लावला. "त्यांच्याकडे असतं तर दिलं असतं त्यांनी," एवढंच म्हणाली.

पेपेच्या दुकानाला २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली. माझ्या आईच्या खानावळीचं साधं नावसुद्धा कुठे लिहिलेलं नाही. हिशेब मात्र दोघांचाही चोख होता.

शिक्षणाचं मोल मी आजही कमी मानत नाही. पण न शिकलेल्यांना कमी लेखायला मी मुलांना शिकवलं, ते चुकलंच.

नातीला सगळं सांगितलं, फॉर्मची गोष्टसुद्धा. तिने विचारलं, "पणजीचं नाव काय होतं?"

सरस्वती!

असो. या वेळी काळी कडही मी सगळी खाल्ली.