ताओमतातील ‘एक’ : संहितेचा पुरावा

ताओमतातील एकत्वाचा विचार करू लागताच अभ्यासकांची दृष्टी ‘ताओ ते चिंग’च्या ३९ व्या व ४२ व्या प्रकरणांकडे वळते. आकाश, पृथ्वी व राजा यांना आपापले स्वरूप ‘एका’च्या प्राप्तीने लाभते, असे पहिल्यात प्रतिपादिले आहे, दुसऱ्यात ताओपासून एक व त्यापासून क्रमाने सकल सृष्टी असा उत्पत्तिक्रम येतो. हा विचार लाओ-त्सेच्या उपदेशाचा गाभाच होय, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले.

१९७३ साली हुनान प्रांतातील मावांगदुई येथे रेशमी वस्त्रावरील दोन प्रती सापडल्या. इ. स. पू. १६८ मधील त्या थडग्यातील प्रतींत ही प्रकरणे आहेत. परंतु १९९३ साली हुबेई प्रांतातील गुओदियान येथे मिळालेल्या, सुमारे इ. स. पू. ३०० च्या बांबूपट्ट्यांवरील संहितेत ती नाहीत. ‘एका’विषयीची १०, १४ व २२ ही प्रकरणेही नाहीत. ही संहिता प्रचलित ग्रंथाच्या सुमारे दोन-पंचमांश भरते. थडगे पूर्वीच लुटले गेले होते. शिवाय ही संहिता निवडक उतारेही असू शकेल. म्हणून केवळ अभावावरून निर्णय करणे युक्त नव्हे.

तथापि त्याच पट्ट्यांत १४ पट्ट्यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात ‘महान एक’ जलास जन्म देतो. जल परतून त्यास साहाय्य करते व आकाश निर्माण होते. आकाशाच्या तशाच साहाय्याने पृथ्वी होते. येथे कार्य कारणात विलीन होत नाही. ते कारणास हातभार लावते. शांकर अद्वैतात नानात्वास पारमार्थिक सत्यता नाही. येथे नानात्वाच्या सहकार्यानेच पूर्णता सिद्ध होते. म्हणून ‘महान एका’स ब्रह्माचा पर्याय मानण्याची भारतीय वाचकास सहज होणारी घाई टाळली पाहिजे.

‘च्वांग-त्से’ ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणाने तर निराळीच शंका उपस्थित केली : सर्व एक आहे असे उच्चारताच तो एक आणि तो उच्चार मिळून दोन होतात, मग एकत्व उरले कोठे?

सारांश, ताओमतातील एकत्व हा एका ऋषितुल्य पुरुषाने एकदाच सांगितलेला सिद्धान्त दिसत नाही. उत्पत्तिक्रम, परस्परसाहाय्य आणि वाणीची मर्यादा या तीन भिन्न विचारांची ती परंपरा होय. तिला एकाच सूत्रात बसविणे म्हणजे तिचा इतिहास पुसणे होय.