शालेय विद्यार्थ्यांची यादृच्छिक अमली पदार्थ चाचणी

शालेय विद्यार्थ्यांची यादृच्छिक अमली पदार्थ चाचणी म्हणजे कोणत्याही विशिष्ट विद्यार्थ्याविषयी संशय नसताना, चिठ्ठ्या टाकून किंवा तत्सम पद्धतीने निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या लघवीची, लाळेची अथवा केसांची अमली पदार्थांच्या अंशासाठी केलेली तपासणी होय. ही चाचणी मुख्यतः क्रीडा, संगीत, वक्तृत्व, वाद्यवृंद इत्यादी सहशालेय उपक्रमांत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुरती मर्यादित ठेवली जाते. या प्रथेचा उगम अमेरिकेत झाला. भारतात सर्व शाळांना लागू होईल अशी यादृच्छिक चाचणीची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. मात्र शालेय वयाच्या खेळाडूंची उत्तेजक द्रव्य चाचणी राष्ट्रीय स्तरावरील स्पर्धांत होते. महाराष्ट्रात, विशेषतः नागपूर व विदर्भात, या विषयाचा विचार खर्रा, गांजा आणि हुंगण्याची द्रव्ये यांच्या संदर्भात करावा लागतो.

संज्ञा

अमली पदार्थ चाचणी आणि उत्तेजक द्रव्य चाचणी या दोन संज्ञा पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. परंतु त्यांचे हेतू भिन्न आहेत. उत्तेजक द्रव्य चाचणीचा हेतू स्पर्धेतील निकोपपणा राखणे हा असतो. तीत स्नायुवर्धक स्टिरॉइडे, मूत्रल औषधे, विशिष्ट संप्रेरके अशा निषिद्ध द्रव्यांचा शोध घेतला जातो. अमली पदार्थ चाचणीचा हेतू व्यसनास प्रतिबंध करणे हा असतो आणि तीत गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, अँफेटामाइन इत्यादींचा शोध घेतला जातो. काही पदार्थ दोन्ही याद्यांत आढळतात.

कार्यपद्धती

चाचणीसाठी सर्वाधिक प्रचलित नमुना लघवीचा आहे. तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात प्रतिद्रव्यांवर आधारित प्राथमिक चाचणी केली जाते. ती स्वस्त आणि जलद असली तरी रासायनिक रचनेत साम्य असणाऱ्या औषधांमुळे फसू शकते. म्हणून प्राथमिक चाचणीत दोष दिसल्यास दुसऱ्या टप्प्यात वायू वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमिती या तंत्रांनी खात्री करून घेतली जाते. खात्रीच्या चाचणीशिवाय निष्कर्ष काढणे शास्त्रीयदृष्ट्या अग्राह्य मानले जाते.

निष्कर्षाचा अर्थ लावतानाही काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. गांजाचे अंश एकदाच सेवन केलेल्या व्यक्तीच्या लघवीत साधारणतः काही दिवस, तर नित्य सेवन करणाऱ्याच्या लघवीत अनेक आठवडे आढळू शकतात. मद्याचा अंश त्यामानाने फार लवकर नाहीसा होतो. परिणामी चाचणीतून सेवन झाल्याचे कळते. परंतु ते केव्हा झाले, किती प्रमाणात झाले आणि मुलाला व्यसन जडले आहे की नाही, हे कळत नाही. खोकल्याच्या काही औषधांमुळे प्राथमिक चाचणी चुकू शकते. खसखस अफूच्याच झाडाचे बी असल्याने ती पुरेशा प्रमाणात खाल्ल्यास मॉर्फिनचा अंश लघवीत उतरू शकतो. अनारसे आणि खसखशीची खीर ज्या समाजात नित्याची आहे, तेथे ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. होळीला घेतलेली भांग आणि ओढलेला गांजा यांतील भेदही लघवीच्या चाचणीला करता येत नाही.

अमेरिकेतील उगम व न्यायनिर्णय

ऑरेगन राज्यातील व्हर्नोनिया या गावच्या शाळांनी १९८९ मध्ये खेळाडू विद्यार्थ्यांसाठी चाचणीचे धोरण स्वीकारले. हंगामाच्या प्रारंभी सर्व खेळाडूंची आणि पुढे दर आठवड्याला चिठ्ठीने निवडलेल्या १० टक्के खेळाडूंची चाचणी होत असे. सातवीतील एका विद्यार्थ्याच्या पालकांनी संमतिपत्रावर स्वाक्षरी करण्यास नकार दिल्याने त्याला फुटबॉल संघात प्रवेश मिळाला नाही आणि वाद न्यायालयात गेला. व्हर्नोनिया शाळा जिल्हा विरुद्ध ॲक्टन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९९५ मध्ये ६ विरुद्ध ३ अशा मतांनी हे धोरण वैध ठरवले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी लिहिला. खेळाडू स्वेच्छेने संघात येतात, वस्त्रे बदलण्याच्या सामाईक खोल्या वापरतात आणि म्हणून त्यांची खासगीपणाची अपेक्षा मुळातच कमी असते, असा युक्तिवाद त्यात मान्य करण्यात आला.

ओक्लाहोमा राज्यातील टेकुमसे येथील शाळांनी हेच धोरण खेळापलीकडील सर्व स्पर्धात्मक उपक्रमांना लावले. गायनवृंद, वाद्यवृंद आणि प्रश्नमंजूषा संघातील मुलांचाही त्यात समावेश झाला. पॉटावाटोमी जिल्हा शिक्षण मंडळ विरुद्ध अर्ल्स या खटल्यात जून २००२ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने हेही धोरण वैध ठरले. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांचे होते. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मत नोंदवले. सहशालेय उपक्रमांत रमणारी मुले व्यसनाकडे वळण्याची शक्यता तुलनेने कमी असते आणि असे धोरण नेमके त्यांनाच लक्ष्य करते, हा त्यांचा प्रमुख आक्षेप होता. दोन्ही प्रकरणांत चाचणीचा अहवाल पोलिसांकडे देण्याची तरतूद नव्हती. दोष आढळल्यास परिणाम मुख्यतः उपक्रमातील सहभागापुरता मर्यादित होता.

राज्यांच्या न्यायालयांत मात्र एकवाक्यता राहिली नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये अशी चाचणी मान्य केली, तर वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये राज्यघटनेच्या आधारे ती अमान्य केली. ब्रिटनमध्ये केंट परगण्यातील फेव्हरशॅम येथील ॲबी शाळेने २००५ मध्ये यादृच्छिक चाचणीचा प्रयोग केला होता.

परिणामकारकता

चाचणीच्या परिणामकारकतेविषयी संशोधकांत मतभेद आहेत. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सुमारे ७६,००० विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारित अभ्यासात चाचणी करणाऱ्या आणि न करणाऱ्या शाळांतील सेवनाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने ३६ माध्यमिक शाळांत करविलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष काहीसा वेगळा आहे. चाचणी असलेल्या शाळांतील उपक्रमशील विद्यार्थ्यांपैकी १६ टक्क्यांनी, तर चाचणी नसलेल्या शाळांतील तशाच विद्यार्थ्यांपैकी २२ टक्क्यांनी मागील ३० दिवसांत अमली पदार्थ घेतल्याचे सांगितले. तथापि भविष्यात सेवन करण्याच्या इराद्यात फरक पडला नाही आणि उपक्रमांत नसलेल्या विद्यार्थ्यांवरही परिणाम दिसला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय अकादमीने २०१५ मध्ये, पुरेशा पुराव्याअभावी शाळांतील यादृच्छिक चाचणीच्या सरसकट अवलंबास विरोध दर्शवला.

भारतातील स्थिती

शालेय क्रीडा व उत्तेजक द्रव्य चाचणी

भारतात राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्था अर्थात ‘नाडा’ची स्थापना २००५ मध्ये झाली. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक अधिनियमाने तिला वैधानिक दर्जा मिळाला. २०१८ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खेलो इंडिया शालेय क्रीडा स्पर्धेपासून शालेय वयाचे खेळाडूही तिच्या चाचणीच्या कक्षेत ठळकपणे आले. या मालिकेतील पुढील स्पर्धा जानेवारी २०१९ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात १७ आणि २१ वर्षांखालील गटांत झाली.

जागतिक नियमावलीत अल्पवयीन खेळाडूंसाठी स्वतंत्र संरक्षण आहे. चाचणीची सूचना देताना आणि नमुना घेताना प्रौढ प्रतिनिधी सोबत असावा लागतो. हा प्रतिनिधी नमुना घेणाऱ्या अधिकाऱ्यावर लक्ष ठेवतो. मुलाने स्वतः सांगितल्याखेरीज तो मुलाला लघवी करताना पाहत नाही. नमुना ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन कुप्यांत मोहोरबंद केला जातो आणि खेळाडूला दुसऱ्या कुपीची तपासणी मागण्याचा अधिकार असतो. १६ वर्षांखालील खेळाडू ‘संरक्षित व्यक्ती’ मानला जातो. अल्पवयीन खेळाडू दोषी ठरला तरी त्याचे नाव जाहीर करणे बंधनकारक नसते.

बालकांतील व्यसनाविषयीचा न्यायनिर्णय व सर्वेक्षण

बचपन बचाओ आंदोलन या संस्थेने २०१४ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर आणि न्यायमूर्ती डी. वाय. चंद्रचूड यांच्या पीठाने केंद्र सरकारला तीन आदेश दिले: सहा महिन्यांत राष्ट्रीय सर्वेक्षण पूर्ण करावे, चार महिन्यांत सर्वंकष राष्ट्रीय आराखडा तयार करावा आणि शालेय अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश करावा. चाचणी हा या आदेशांचा भाग नव्हता.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले सर्वेक्षण फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार हुंगण्याची द्रव्ये हा एकच प्रकार असा आहे की ज्याच्या सेवनाचे प्रमाण प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) १० ते १७ वयोगटातील मुलांत (१.१७ टक्के) अधिक आहे. या द्रव्यांमुळे मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या जेथे मोठी आहे, अशा राज्यांत उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश यांच्यासह महाराष्ट्राचाही समावेश आहे.

कायदेशीर चौकट

विद्यार्थ्यांच्या चाचणीचा प्रश्न भारतात पुढील तरतुदींशी निगडित आहे:

• न्यायमूर्ती पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले. त्यात राज्याने हस्तक्षेप करायचा झाल्यास कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता आवश्यक आहे.

• शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई आहे.

• बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार बालकाला अमली पदार्थ, मद्य किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्थात येथे कायद्याचा रोख पुरवठादारावर आहे.

• अमली पदार्थविरोधी अधिनियम, १९८५ च्या कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हा आहे. मात्र कलम ६४ अ नुसार स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

शेवटच्या तरतुदीमुळे भारतीय शाळेपुढील पेच अमेरिकेतील शाळेपेक्षा वेगळा ठरतो. शाळेने काढलेला अहवाल केवळ संघातून वगळण्यापुरता राहील की मुलाविरुद्ध गुन्ह्याचा पुरावा होईल, हे आधी निश्चित केल्याशिवाय पालकांची संमती अर्थपूर्ण ठरत नाही.

नागपूर व विदर्भातील संदर्भ

नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. नागपुरातील मानकापूर येथे विभागीय क्रीडा संकुल आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण यांमुळे शालेय स्पर्धेतील प्रमाणपत्राला मोठे व्यावहारिक मोल आहे. त्यामुळे चाचणीवरून संघाबाहेर जाणे ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने केवळ खेळापुरती हानी राहत नाही.

विदर्भातील शालेय मुलांच्या व्यसनात खर्ऱ्याचे स्थान विशेष आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून तयार होणारा हा पदार्थ पानठेल्यांवर मिळतो. त्याच्या नित्य सेवनाने तोंड उघडण्याची क्षमता कमी करणारा मुखाचा तंतुमयता विकार जडतो आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ते विकण्यास मनाई आहे.

नेहमीच्या पाच घटकी अमली पदार्थ चाचणीत मात्र खर्रा सापडत नाही. तंबाखूसाठी कोटिनिनची वेगळी तपासणी लागते. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन अशी हुंगण्याची द्रव्येही या चाचणीत दिसत नाहीत. म्हणजेच शालेय वयातील मुलांशी सर्वाधिक निगडित असलेली द्रव्ये चाचणीच्या जाळ्यातून निसटतात. शिवाय शाळा सुटलेली किंवा रेल्वे फलाटावर दिवस काढणारी मुले सहशालेय उपक्रमांपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे ती या उपायाच्या कक्षेबाहेरच राहतात.

समर्थन व आक्षेप

समर्थकांच्या मते चाचणीमुळे मित्रांच्या आग्रहाला नकार देण्यासाठी मुलाला सबळ कारण मिळते, व्यसन प्राथमिक अवस्थेत उघड होते आणि खेळताना होणाऱ्या दुखापतींचा धोका घटतो. सर्वांना समान नियम असल्याने कोणा एकावर संशयाचा ठपका येत नाही, असेही ते मांडतात.

आक्षेपकांच्या मते ज्या मुलाला मैदानाची सर्वाधिक गरज आहे, तोच चाचणीच्या भीतीने मैदान सोडतो. चाचणीत न सापडणाऱ्या आणि कधी अधिक घातक द्रव्यांकडे मुले वळण्याची शक्यता असते. चुकीच्या निष्कर्षामुळे होणारी बदनामी लहान गावात पुसली जात नाही. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातील विश्वासाचे नातेही त्यामुळे दुबळे होते.

पर्यायी उपाय

चाचणीऐवजी समुपदेशन, जीवनकौशल्य शिक्षण, शाळेच्या परिसरातील विक्रीवर कठोर कारवाई आणि उपचारसेवांशी शाळांची जोडणी हे उपाय सुचवले जातात. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू केले. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग आणि प्रादेशिक मनोरुग्णालय या शासकीय संस्था मानसिक आरोग्याचे उपचार देतात. चाचणी करायचीच झाल्यास पालक आणि विद्यार्थी या दोघांची लेखी संमती, खात्रीची दुसरी तपासणी, अहवालाची गोपनीयता आणि दोष आढळल्यास शिक्षेऐवजी उपचार या किमान अटी असाव्यात, असे बालहक्कांच्या दृष्टीने मानले जाते.