मूर्तझा निजामशाह, तिसरा
(कार. १६३३–३६). अहमदनगरच्या निजामशाहीचा अखेरचा नामधारी सुलतान. जून १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबाद घेतले. बालसुलतान हुसेनशाह व वजीर फत्तेखान मोगलांच्या हाती पडले. हुसेनशाहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. मोगलांच्या दृष्टीने निजामशाही तेथेच संपली. शहाजी भोसले यांनी मात्र ते मानले नाही. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटानजीक असलेल्या जीवधन किल्ल्यातून राजवंशातील मूर्तझा या अल्पवयीन मुलास आणून त्यांनी संगमनेरजवळील पेमगिरी येथे गादीवर बसविले. विजापूरच्या मुरार जगदेवाचे त्यांना पाठबळ होते. राजधानी शत्रूकडे असताना राजवंशातील जन्म एवढाच मूर्तझाच्या हक्काचा आधार होता. तथापि त्याच्या नावाने कारभार पाहून शहाजींनी जुन्नरपासून कोकणापर्यंतचे अनेक किल्ले व मुलूख राखला.

१६३६ मध्ये शाहजहान स्वतः दक्षिणेत आला. त्या वर्षीच्या तहाने आदिलशाहाने निजामशाही मुलखाची वाटणी स्वीकारली आणि मूर्तझाचा उरलासुरला आधार तुटला. मोगल व आदिलशाही फौजांनी माहुलीस वेढा घातला. अखेर शहाजींनी मूर्तझास व जीवधन, हरिश्चंद्रगड इ. किल्ले मोगलांच्या स्वाधीन केले आणि ते आदिलशाहीच्या सेवेत गेले. मलिक अहमदाने १४९० मध्ये जुन्नर येथे उभारलेली स्वतंत्र सत्ता अशा रीतीने संपुष्टात आली. मूर्तझाचे स्वतःचे कर्तृत्व दिसत नाही. परंतु बालराजाच्या नावाने तीन वर्षे राज्य चालवून एका मराठा सरदाराने मोगलांशी दिलेली झुंज हे या अल्प कारकीर्दीचे खरे महत्त्व होय.